दर फेरीला त्याच जागी

४ जानेवारी

प्रिय वहिनी,

क्षेमकुशलाच्या ओळी तू न वाचताच खाली उतरतेस हे मला माहीत आहे, म्हणून त्या गाळल्या. पत्र लिहितेय कारण तुमचा फोन दुकानातल्या टेबलावर असतो आणि दादा त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी "कशी आहेस" विचारलं की तू मला गिऱ्हाईक करून टाकतेस. मागच्या वेळी मी तुला खोली बदलल्याचं सांगितलं, तर तू म्हणालीस, "हो, सोफ्याचं कापड निळ्या रंगात मिळेल." असं किती दिवस बोलायचं आपण?

तर नवी खोली. खाली कपडे धुण्याचं दुकान आहे, त्यामुळे जमीन दिवसभर थोडी थोडी थरथरते आणि ओल्या टॉवेलांचा वास येतो. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची मापं घेते. संध्याकाळी घरी येते आणि व्हायोलिन घेऊन त्या यंत्रापुढे उभी राहते. हो, तेच, ज्याच्यावरून दादा आणि मी भांडलो.

तू ते कधी नीट पाहिलंच नाहीस. पायाखालचं एक पेडल आहे. दाबलं की ते ऐकायला लागतं. पुन्हा दाबलं की जेवढं ऐकलं तेवढं गोल गोल म्हणत बसतं, एकच बातमी दहा घरी सांगणाऱ्या शेजारणीसारखं. त्यावर मी दुसरा थर वाजवायचा, मग तिसरा. एकटीनं चौघींचं वाजवायचं. आणि आत गेलेलं सगळं परत येतं गं. खोकला, खुर्चीची करकर, घसरलेला सूर, सगळं. गेल्या आठवड्यात माझा गज स्टँडवर आपटला. ठण्ण. सवयीनं पुसायला निघाले होते. मग म्हटलं, बघू तरी. दुसऱ्या फेरीत त्याच जागी ठण्ण, तिसऱ्या फेरीत ठण्ण, आणि त्यानंतर मी त्याची वाटच पाहायला लागले. एकदा झाली तर ती चूक असते. दर फेरीला त्याच जागी आली की तिच्याभोवती घर बांधता येतं. आता अख्खा तुकडा त्या ठण्णवर उभा आहे आणि माझ्या वाजवण्यात तेवढंच काय ते बरं आहे.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी इथल्या एका छोट्या सभागृहात मला पाऊण तास दिलाय. एकटीला. सगळं आहे, ठेका नाही. यंत्रात तयार ठेके शेकड्यानं आहेत, सगळे बरोबर, आणि त्यातल्या एकाशीही भांडता येत नाही. वहिनी, मला दादाचा ठेका हवाय. ड्रमवर नको तर टेबलावर, डब्यावर, कशावरही वाजवू दे. तू फक्त टेप करून पाठव. मला त्याची फार आठवण येते. हे त्याला सांगू नकोस. किंवा सांग.

तुझी,
घाईबाई

(ताल सोडून पुढे पळते म्हणून दादानं ठेवलेलं नाव अजून मीच वापरतेय. त्यानं काढून घेतलेलं नाही ना?)


१९ जानेवारी

घाईबाई,

नाव काढून घेतलेलं नाही. पण घेतही नाही.

तुझं पत्र मी शिलाई मशीनच्या खणात ठेवून, तीन उशांच्या खोळी शिवून झाल्यावर वाचलं. मग जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "घाईबाईला ठेका हवाय म्हणे." तो म्हणाला, "तिच्याकडे आहे की वाजवणारा." आणि पाणी प्यायला उठला. पुढ्यात पेला भरलेला होता.

तुला बरं वाटेल असं काही लिहायचं तर खोटं लिहावं लागेल. तीन वर्षांपूर्वी तू ते खोकं घेऊन घरात आलीस, त्यानं विचारलं, "मग मी कशाला?" आणि तू तडकून म्हणालीस, "ते चुकत तरी नाही." तुझं ते वाक्य आमच्याकडे अजून रोज जेवायला असतं. त्याला वाढावं लागत नाही, एवढंच. त्याचे ड्रम माळ्यावर आहेत, फोमच्या तुकड्यांखाली. मध्ये मी विचारलं, विकून टाकू का, तर दोन दिवस घुम्यासारखा बसला. वाजवताही येत नाही आणि विकताही येत नाही, अशी तुमच्या घराण्याची तऱ्हा.

तरी तुझ्यासाठी मी चोरी केली. एका दंतवैद्याकडच्या खुर्च्या दुरुस्तीला आल्यात, रुग्ण वाट बघत बसतात त्या. लोकांनी भीतीनं खुर्च्यांच्या हातांवरचं रेक्झिन नखांनी पार कुरतडलंय. तुझा दादा पाठीला नवं कापड ठोकत होता, तेव्हा मी फोन ताग्यांच्या मध्ये सरकवून ठेवला. हातोडीच आहे, पण हात त्याचाच आहे. सोबत फोनमधलं नखाएवढं मेमरी कार्ड पाठवतेय, आवाज त्यात आहे. हरवू नकोस, आणि त्याला कळू देऊ नकोस.

बाकी ठीक. थंडी फार आहे. काम जरा हळू चालतं.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी,

तुझ्या चोरीला बक्षीस द्यायला हवं. कार्ड लावलं आणि मी कोट न काढता जमिनीवर बसून ऐकलं. तोंडात खिळे धरून दादा नाकानं श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो. कात्री ठेवलीस तेही. मी डोळे मिटले तर तुमच्या दुकानातला सरसाचा वास आला, शपथ.

आता ऐक, तुला कळलं नसेल. तो ठोकतो कसा? टक, टक, टक, आणि चौथा, टटक. एकाऐवजी दोन, एकमेकांना चिकटलेले. सगळीकडे नाही, पण बऱ्याच वेळा. लहानपणी आम्ही दोघं स्वयंपाकघरातलं टेबल बडवायचो, तेव्हा मला पाडायला तो अगदी हेच करायचा. चौथ्याला एक चोरटा ठोका जास्त. मी हमखास घसरायचे, ओरडायचे, आणि आई आतून म्हणायची, "टेबल माझं आहे." वहिनी, त्याला ताग्यांमधला फोन दिसला होता. तुला वाटतंय तू फसवलंस, पण तो माझी खोडी काढत होता. तीन वर्षांनी पहिल्यांदा!

मी ते चार ठोके यंत्रात घेतले. पेडलवर पाय उशिरा पडला आणि ठोक्यांमागून त्याचा एक श्वासही आत आला. म्हणजे फेरी झाली साडेचार मात्रांची, लंगडी. पूर्वीची मी असते तर पुसून पुन्हा घेतलं असतं. आता तशीच फिरू दिली. दहा-बारा फेऱ्यांनंतर तो श्वास मला इतका आवडला की माझं व्हायोलिन त्या वेळेत गप्प राहतं. दादा श्वास घेतो, तेव्हा मीही घेते. आणि टटक आलं की मी उत्तर देते. तो खोडी काढतो, मी उत्तर देते, तो पुन्हा काढतो. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे हे. नाव ठेवलंय 'दादाची खोडी'.

कार्ड परत पाठवतेय, त्यात तो तुकडा आहे. त्याला ऐकव ना. तो हसला तर कसा हसला ते लिही. आणि कार्यक्रमाच्या शनिवारी येईल का ते विचार. मी पुढच्या रांगेतली एक खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवलीय, तीही बऱ्यापैकी उसवलेली आहे, त्याला बोलायला विषय होईल.

घाईबाई


१४ फेब्रुवारी

घाईबाई,

कार्ड मिळालं. मी ऐकलं. त्याला ऐकवलेलं नाही.

तुकडा चांगला आहे. मला संगीतातलं कळत नाही तरी दोनदा ऐकला. पण हातोडी काढ आणि दुसरं काहीतरी घाल. मी तुला शिलाई मशीनचा आवाज पाठवते, तोही छान येतो. नावसुद्धा बदल.

कारण विचारू नकोस. माझं एवढं ऐक.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

कारण विचारत नाही, मला समजलं. त्याला कळलं आणि त्यानं नाही म्हटलं. होय ना? आणि तू मधल्यामध्ये सारवासारव करतेयस.

त्याला सांग, हातोडीचा आवाज कोणाच्या बापाचा नसतो. असला तर आमच्या दोघांच्याही बापाचा आहे, दुकान त्यांचंच. एवढा राग? मी एकदा तोंडानं चुकले. रोज संध्याकाळी इथे चुकांना मांडीवर घेऊन बसते, त्यांना नावं देते, त्यांच्यातून काहीतरी उभं करते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं शिकले तो माझी एक चूक तीन वर्षं तशीच फिरवत बसलाय, तिच्यावर एक सूर न चढवता.

हातोडी मी काढणार नाही. कार्यक्रमातला शेवटचा तुकडा तोच आहे. शिलाई मशीन तुझ्यापाशीच राहू दे.

घाईबाई


१ मार्च

घाईबाई,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि रोज कोणीतरी गिऱ्हाईक येतं. खरं म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तरी मी उठतेच. आज दादा फोम आणायला गेलाय, तो यायच्या आत लिहून टाकते.

त्यानं नाही म्हटलेलं नाही. त्याला काहीच माहीत नाही. आणि ती खोडी नव्हती.

त्याचा उजवा हात थरथरतो. कंपवात आहे. हातोडी खाली जाते आणि वर यायच्या आधी हात हलतो, म्हणून ती पुन्हा पडते. ते तुझं टटक. पहिले दोन-तीन ठोके तो रेटून सरळ मारतो, मग हात दमतो. जी खुर्ची तो पूर्वी दुपारपर्यंत हातावेगळी करायचा तिला आता दोन दिवस लागतात. खिळा वाकडा गेला की तो उपटतो, माझ्याकडे न बघता, आणि दुसरा घेतो. थंडीमुळे होतंय, असं तो मलाही वर्षभर सांगत होता. मीही वर्षभर ऐकून घेत होते.

डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली? तो म्हणाला, आठवत नाही. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर मला म्हणाला, "ठेका मागे पडायचा ना माझा शेवटी शेवटी, तेव्हापासून असेल." म्हणजे तू यंत्र आणलंस तेव्हा. घाईबाई, तुला बोचावं म्हणून लिहीत नाही. तुला कुठून कळणार होतं? त्यालाच कळलं नव्हतं. त्याला वाटायचं आपल्याला आता वाजवता येत नाही, आणि तू तेच बोलून दाखवलंस.

तुला सांगायचं नाही अशी शपथ त्यानं मला घातलीय. "कीव करून परत येईल, आणि मला ती तशी नको." हे त्याचे शब्द. म्हणून हातोडी काढ म्हटलं. तो आवाज सभागृहात लोकांपुढे पुन्हा पुन्हा फिरणार आणि शेवटी टाळ्या पडणार, हे माझ्या डोळ्यांपुढे येऊन मला कापड सरळ कापता येईना.

आता तूच ठरव.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

मी त्याच्या दुखण्यावर व्हायोलिन वाजवत होते. आणि नाव काय ठेवलं, तर खोडी.

सभागृहवाल्यांना कळवलंय की येणार नाही. ते म्हणाले, अजून विचार करा, पत्रकं छापून आलीत. माझ्याकडचा तुकडा सगळीकडून पुसला. फक्त यंत्रात राहिलाय. तिथे पुसायला पेडल नुसतं दाबून धरायचं असतं, मनात एक-दोन-तीन म्हणायचं. दोन दिवस पाय त्यावर ठेवते आणि काढते. एकदा चुकून तो सुरूच झाला. मी बंद करायचं सोडून तिथेच उभी राहिले. त्याचा श्वास आला तेव्हा माझाही थांबला, सवयीनं.

माणसानं किती बहिरं असावं? आम्ही शेवटचं एकत्र वाजवलं तेव्हा मला ऐकू येत होतं की ठेका मागे पडतोय. फक्त तेवढंच ऐकू आलं. का, हे विचारायचं सुचलं नाही.

मला घरी यायचंय. कीव म्हणून नाही, हे मी त्याला कसं पटवू? मला तर रोज यायचं असतं. चष्म्याच्या दुकानात कोणी दादासारख्या लांबसडक बोटांचा माणूस आला की मी त्याचं माप दोनदा घेते. खाली धुलाईची यंत्रं लागली की माझे पाय आपोआप ताल धरतात आणि मी चौथ्या ठोक्याला वाट पाहते. वहिनी, तू त्याची शपथ मोडलीस हे मी कोणाला सांगणार नाही. पण तो कसा आहे ते लिहीत राहा. हात कसा आहे, ते रोजचं लिही.

घाईबाई


१५ मार्च

घाईबाईस,

पाकीट मी फोडलं. नाव हिचं होतं, पण अक्षर तुझं होतं. मग हिनं खणातली सगळी पत्रं काढून माझ्यापुढे ठेवली आणि चहा करायला निघून गेली. (चहा झालाच नाही. मी नुसती ओट्यापाशी उभी होते.)

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय, कारण माझ्या हातानं लिहिलं तर तुला वाटेल चालत्या बसमध्ये बसून लिहिलंय. मी सांगतो तेवढंच लिहायचं असं तिला बजावलं आहे. (बरं.)

पहिली गोष्ट, व्हायोलिन पुढे पळतंय. तीन वर्षं एकटी राहून काडीची सुधारलेली नाहीस. दुसरी, तो तुकडा पुसायचा नाही. पाय पेडलवरून काढ. तिसरी गोष्ट आता आठवत नाही. (तिसऱ्या गोष्टीला तो रडला. लिहू नकोस म्हणतोय.)

पत्रं वाचून मला आधी संताप आला. हिचा, तुझा, ताग्यांचा, सगळ्यांचा. मग म्हटलं, एवढं रामायण ज्याच्यावरून झालं ते ऐकू तरी. दंतवैद्याची एक खुर्ची अजून दुकानात आहे, तिच्यात बसलो आणि हिनं तुझं कार्ड फोनला लावलं. पहिलं टटक आलं आणि मी मान खाली घातली. ही म्हणाली, बंद करू का? मी म्हटलं, राहू दे, माझंच आहे. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तेच.

तुला एक सांगतो, तुझ्या वहिनीलाही हे सांगितलेलं नाही. हा हात माझ्यावर कधी उलटेल ते मला कळत नाही. चमचा उचलताना, कुलूप उघडताना, गिऱ्हाइकाला सुटे देताना. दिवसभर मी त्याच्यावर पहारा ठेवून असतो. दमतो मी कामानं नाही, पहाऱ्यानं. आणि तुझ्या यंत्रात तो कुठे चुकणार हे मला आधीच माहीत होतं. कितव्या फेरीला कोण जाणे, मी घाबरायचं सोडून त्याची वाट पाहायला लागलो. मग माझा डावा हात खुर्चीच्या हातावर गेला. टटक झालं की मी खालून एक धप्प द्यायचो, त्याला टेकू दिल्यासारखा. श्वासाच्या वेळी तू गप्प बसतेस तिथे मीही गप्प. नवा फोम भरलाय, आवाज दबका येतो, पण भरीव येतो. (तासभर चालू होतं. एक बाई सोफ्याचं विचारायला आली आणि ऐकत उभी राहिली.)

ते चुकत नाही म्हणाली होतीस. खरंय. माझी चूकसुद्धा ते न चुकता वाजवतं. आता मला त्याचा राग नाही.

पुढचं ऐक. सभागृहवाल्यांना कळव की कार्यक्रम होणार. आम्ही आदल्या दिवशी, शुक्रवारी निघतो. (मला कोणी विचारलं नाही, पण मी येतेय.) पुढच्या रांगेतली खुर्ची दुसऱ्या कोणाला दे. मला वर मंचावर बसायचंय, तुझ्या मागे, हात असलेल्या खुर्चीत. गादी जाड नको, नाहीतर आवाज मरतो. उजवा हात यंत्रातला, डावा माझा. जमेल असं वाटतं. न जमलं तर लोकांना वाटेल असंच असतं हल्लीचं संगीत.

कीव करणार असलीस तर आत्ताच सांग, तिकिटं परत करतो.

एक मात्र आहे. यंत्रातला मी दर फेरीला त्याच जागी चुकेन. खुर्चीवरचा मी कुठेही चुकेन, आणि ते तुला आधी कळणार नाही. पूर्वी माझा ठेका घसरला की तू वाजवता वाजवता मागे वळून माझ्याकडे बघायचीस. मला त्याचा फार राग यायचा. या वेळी घसरला की वळून बघ. तीन वर्षं झाली, मी तुझं तोंड पाहिलेलं नाही.

दादा